एका सुताचा फरक

तापिओ, तू गेल्यापासून क्लबवाले माझ्या मागे लागले होते, तुझ्याबद्दल चार शब्द लिहून दे म्हणून. दिले एकदाचे. किती सामने, किती गोल, कोणत्या हंगामात कप्तान, स्वभावाने अबोल पण मनाने मोठा. तुझ्या फोटोखाली छापलंय. तू वाचलं असतंस तर एक भुवई वर केली असतीस, कॉफीचा घोट घेतला असतास आणि कागद मला परत दिला असतास. त्यातलं काहीही खोटं नाही, पण त्यात तू नाहीस आणि मी तर नाहीच नाही. म्हणून हे दुसरं लिहितोय, आणि मराठीत लिहितोय. तुला यातलं एक अक्षर कळायचं नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच धीर होतोय.

दमलोय रे. आमच्याकडे माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं आणि मग घरचे रडायला मोकळे होतात. इथे क्रेमटोरियमची तारीख मिळायलाच तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे तू कुठेतरी थंड खोलीत होतास आणि मी रोज रिंकवर जाऊन पोरांच्या बुटांना धार लावत होतो. थंडीचं तुला काही नव्हतं म्हणा. पण मला घरी आल्यावर जेवण जात नव्हतं, आणि झोपलो तरी झोपल्यासारखं वाटत नव्हतं.

मंजूने वरचं वाचलं आणि म्हणाली, "अहो, वाचणाऱ्याला कळायला नको का कोण तापिओ आणि कोण तुम्ही? डायरेक्ट क्रेमटोरियम?" बरोबर आहे तिचं. तर, तू फिनलंडचा, आइस हॉकीतला फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत खेळून गोल करायचे ते तुझं काम. मी मुकुंद. चिंचवडच्या टूलरूममध्ये अठरा वर्षं ग्राइंडिंग केलेला, आणि बायकोला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून तिच्या मागोमाग इथे आलेला नवरा. इथल्या ज्या वर्कशॉपमध्ये मला काम मिळालं, तिथला फोरमन हॉकीवेडा. शहराबाहेरच्या रिंकवर, म्हणजे बंदिस्त बर्फाच्या मैदानावर, स्केटिंगच्या बुटांच्या पात्यांना धार लावायचं मशीन होतं, त्याचं चाक थरथरायचं. तेवढं बघायला म्हणून तो मला घेऊन गेला. मी बेअरिंग बदललं, चाक हिऱ्याने ड्रेस केलं, म्हणजे घासून त्याची गोलाई नीट केली, आणि तेव्हापासून माझे शनिवार-रविवार, हळूहळू मधले वारही, त्या बिनखिडकीच्या खोलीत गेले. रबरी मॅटचा, ओल्या हातमोज्यांचा आणि बाहेरच्या चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास असलेली खोली. तुझी माझी सगळी ओळख तिथली.

तू आलास तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतास. तुमच्या गावाला तलाव, कागदाची गिरणी आणि रिंक एवढंच होतं असं तू सांगितलं होतंस, तेही तीन वर्षांत मिळून. वडील गिरणीत. हिवाळ्यात अंगणात पाणी सोडून ते तुझ्यासाठी बर्फ करायचे. तिथून तू तुमच्या देशाच्या वरच्या लीगमध्ये गेलास, चार हंगाम टिकलास, मग स्वीडन, मग जर्मनी, मग इथे. तू एकदा म्हणालास, "मुकुंद, काही खेळाडू शिडी चढतात. मी उतरतोय, पण सावकाश." बाकी सगळे मला मुक म्हणायचे. रिंकवर पूर्ण नाव घेणारा तू एकटाच, तेही पहिल्या अक्षरावर असा जोर देऊन की मला वाटायचं हा रागावलाय.

गोल करणारे खेळाडू सगळ्यांना दिसतात. तू कोपऱ्यात शिरून, दोघांच्या अंगाखालून पक उकरून बाहेर काढणारा होतास. पक म्हणजे ती रबराची काळी चकती. ती दुसऱ्याच्या स्टिकवर जायची, तो गोल करायचा आणि लोक त्याचं नाव ओरडायचे. मला खेळ फारसा कळायचा नाही. आपला वाद तुला आठवत असेल, मी म्हणायचो की जिथे चेंडूसुद्धा दिसत नाही तो कसला खेळ, आणि तू म्हणायचास की जिथे पाच दिवस खेळून निकाल लागत नाही तो कसला. तो वाद तसाच राहिला. पण तुझे पाय मला कळायचे. पात्याची झीज बघून मी सांगू शकायचो की आज तू डावीकडे किती वेळा वळलास.

आता धंद्यातलं थोडं सांगावंच लागेल, कारण सगळं त्यावरच आहे. बुटाच्या पात्याचा तळ सपाट नसतो. त्यात लांबीभर बारीक पन्हळ असते आणि तिच्यामुळे दोन्ही बाजूंना दोन धारा तयार होतात. पन्हळ खोल असली की धार बर्फात घट्ट रुतते, झटकन वळता येतं, झटकन थांबता येतं, पण प्रत्येक रुतण्याचा झटका जांघेत जातो. पन्हळ उथळ असली की पाय अलगद घसरतो, झटका कमी. ती किती खोल हे चाकाच्या गोलाईवर ठरतं, गोलाई जितकी मोठी तितकी पन्हळ उथळ. तुझी अर्ध्या इंचाची. आमच्या टूलरूमच्या भाषेत चार सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वडिलांनी पहिल्यांदा बूट दिले तेव्हापासून तीच, असं तू म्हणायचास. मी तुला सूत हा शब्द शिकवला आणि तू तो इतका उचललास की दारातून बूट पुढे करून फक्त एवढंच बोलायचास, "फोर सूत." तुझ्या बुटांच्या खणावर मी देवनागरीत ४ लिहून ठेवला होता. इंग्लिश पोरांना तो अर्धवट राहिलेला आठ वाटायचा.

पस्तिशीत तुझी जांघ दुखायला लागली. पात्यांवरून मला तुझ्या आधी कळलं. डाव्या बुटाची आतली धार झिजेनाशी झाली होती, म्हणजे तू त्या पायावर जोर देणं टाळत होतास. मी म्हटलं, "पाच सूत करून बघू या. सगळेच या वयात करतात." तू नेहमीसारखा भिंतीला टेकून उभा होतास. म्हणालास, "ज्या दिवशी मला चार झेपणार नाही, त्या दिवशी मी घरी जाईन. मिन्नाला मी तसं सांगितलंय." मिन्ना तुझी बायको. तुमची मुलगी आइनो तेव्हा सहाची. तुमच्याकडे सातव्या वर्षी शाळा, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तिघं कायमचं परतणार असं ठरलं होतं. येणारा हंगाम शेवटचा.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तुला चार महिने बर्फावर पाऊल टाकू दिलं नाही. ऑगस्टमध्ये तू आलास, बूट ठेवलेस, "फोर सूत" म्हणालास आणि कपडे बदलायला गेलास. मी चाक ड्रेस करायला हिरा लावला. आणि पाचवर लावला.

एका सुताचा फरक. चाकावर दिसतो, पण पात्याच्या पन्हळीत तो केसाच्या जाडीएवढाही भरत नाही. चार महिने बर्फावर नसलेल्या माणसाला तो आठवणार नाही असा माझा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. तू सराव करून आलास. मला वाटलं, आता हा बूट माझ्या टेबलावर आपटणार. तू बाकावर बसलास, लेस सोडलीस आणि म्हणालास, "विश्रांतीचा फायदा झाला. आज दुखलं नाही." मी म्हटलं, वा. त्यावर अजून एक शब्द बोलायला काय हरकत होती? नाही बोललो. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाच, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. बाहेरगावच्या सामन्यांनाही मी छोटं मशीन घेऊन बसमधून तुमच्याबरोबर यायला लागलो. तुला वाटलं मला हॉकीची गोडी लागली. दुसऱ्या कुणाच्या हातात तुझे बूट जाऊ नयेत म्हणून मी स्कॉटलंडपर्यंत बसमध्ये पाठ मोडून घेत होतो.

मंजूला मी नाताळच्या सुमारास सांगितलं. वाटलं, कौतुक करील. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घडी हातातच राहिली. म्हणाली, "पेशंटला न सांगता मी डोस बदलला तर मला रजिस्टरमधून काढून टाकतील. कन्सेंट नावाची गोष्ट असते, अहो."

"पण त्याला बरं वाटतंय."

"बरं वाटणं हा पॉइंटच नाहीये. पाय त्याचा आहे. सांगून टाका त्याला, नाहीतर मी सांगीन. सोमवारी येईल तो जेवायला तेव्हा."

सोमवारी तू आलास. सोमवार तुझा सुट्टीचा वार, आणि मंजूचं थालीपीठ तुला तुमच्या राईच्या पावासारखं लागायचं, त्यावर चीज घालून खायचास, ते बघून मला दर वेळी कसंतरी व्हायचं. तू इतका खूश होतास, तापिओ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू न विचारता बोलत होतास, तिसऱ्या पिरियडमध्ये काय झालं, गोलकीपर कसा फसला, हे सगळं काटे-चमचे मांडून दाखवत होतास. मंजूने माझ्याकडे पाहिलं आणि ताटात लोणी वाढलं. नंतर म्हणाली, "माझ्याच्याने नाही झालं." तिने तो विषय परत काढला नाही, पण विसरलीही नाही.

ते हंगामातले तुझे सर्वांत चांगले महिने होते. फेब्रुवारीत कोचने तुझ्यासमोर दोन वर्षांचा करार ठेवला. तू तो कागद घेऊन माझ्या खोलीत आलास. सरावाच्या आधीची सकाळ, बाहेर गाडी बर्फ गुळगुळीत करत फिरत होती. तुझं सहा फुटांचं धूड त्या दारात मावत नसे, तरी तू आत येऊन दार लावून घेतलंस. तसं तू कधी करायचा नाहीस. म्हणालास, "मिन्नाला मी शब्द दिलाय. पण चार सुतांवर मी असा खेळतोय, मुकुंद. अजून चारवर. तू माझी पाती रोज बघतोस. खरं सांग, पाय आहेत ना अजून?"

मी म्हटलं, "आहेत."

एवढंच म्हटलं. तू मान हलवलीस, माझ्याच पेनने सही केलीस आणि पेन खिशात घालून गेलास.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी ते तुझ्या जांघेसाठी केलं. ऑगस्टपुरतं ते खरं असेलही. कारागिराची खोडही होती त्यात, माझं मला ठाऊक आहे काय बरोबर, तुला कशाला विचारायचं ही. पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी तुझ्या पायांचा विचार केलाच नव्हता. तू जाशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मंजूच्या आडव्यातिडव्या शिफ्टा, वर्कशॉपमध्ये माझ्याशी हवापाण्यापलीकडे कोणी बोलायचं नाही, आणि आठवड्यातून चार वेळा एक माणूस भिंतीला टेकून वीस मिनिटं गप्प उभा राहतो, कॉफी पितो आणि जातो. ते गेलं तर माझ्याजवळ काय उरणार होतं? तुला ठेवून घ्यायला म्हणून मी "आहेत" म्हटलं. हे मी मंजूलाही कधी सांगितलेलं नाही, आता ती इथे वाचेल.

उन्हाळ्यात मिन्ना आइनोला घेऊन गेली. शाळा थांबणार नव्हती. मी गाडीत सामान ठेवू लागलो तेव्हा ती माझ्याशी नीट बोलली, आभार मानले, आणि तू बाजूला उभा होतास तर तुझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, निघतानाचं दुःख असेल. पहिल्या वर्षी तू दर दोन महिन्यांनी गेलास. दुसऱ्या वर्षी जांघ कायमची गेली, ऑपरेशन झालं, खेळ संपला, आणि तोवर तिकडचं घरही संपलं होतं. घटस्फोटाच्या कागदावर सह्या तू पोस्टाने केल्यास. मला हे तू असं सांगितलंस जसं एखाद्या सामन्याचा निकाल सांगावा.

तू परत जाशील असं मला वाटलं होतं. तू रिंकवरच राहिलास. सकाळी बर्फाची गाडी चालवायचास, दुपारी शाळेतल्या पोरांना शिकवायचास. मी कितीदा म्हटलं, "जा की रे घरी, मुलगी मोठी होतेय." तू म्हणायचास, "तू कधी जाणार चिंचवडला?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तू बोटं मोजून दाखवायचास, किती पुढची वर्षं झाली ती. या वादातही कुणी जिंकलं नाही. दोघंही तिथेच राहिलो, त्या वासाच्या खोलीत, आणि म्हातारे व्हायला लागलो. तू तर झालाही नाहीस.

एक संधी मला अजून मिळाली होती. माझी पाठ धरायला लागली म्हणून मी तुला मशीन शिकवलं. तू स्वतः चाक ड्रेस केलंस, अर्थातच चारवर, स्वतःच्या पात्यांना धार लावलीस आणि बर्फावर गेलास. वीस मिनिटांत परत. जांघ दाबत बसलास आणि हसलास. "तुझ्या हातात काहीतरी आहे, मुकुंद. तू चार लावायचास तेव्हा असं टोचायचं नाही." तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? खेळ संपला होता, संसार संपला होता, आता सांगून याला फक्त त्रास होईल, असं मी मनात म्हटलं. त्यात माझा त्रास किती वाचत होता ते बघितलं नाही. वर तुला म्हटलं, "सवय होईल." आणि तू सवय करून घेतलीस. पोरांनाही शिकवलंस, आपली पन्हळ एकदा ठरली की बदलायची नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या शनिवारी पोरं बर्फावर जाऊन उभी राहिली आणि तू आला नाहीस. तू कधी उशीर करायचा नाहीस, म्हणून मीच गेलो बघायला. पुढचं इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेतच, कळलंही नसेल. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

नंतर तुझा खण रिकामा करताना मी तुझी पाती मापून बघितली. गेज लावला आणि चार. त्या दुखऱ्या पायावर, लहान पोरांबरोबर गोल गोल फिरण्यासाठी, नऊ-दहा वर्षं चार. मी चारचा चमत्कार करून दाखवला होता ना, तू त्यावर विश्वास ठेवलास. मी तिथेच स्टुलावर बसलो. माझा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तुझाही आला, खरं सांगतो, एवढा कसला रे हट्टीपणा. मग रडलो.

क्रेमटोरियमच्या दारात तुझे जुने सोबती दोन रांगा करून उभे होते आणि सगळ्यांनी फरशीवर स्टिका ठोकल्या, तुमच्यात मान देतात तसं. मंजू म्हणाली, "बघा, किती माणसं." आइनो एकटीच आली होती, एकोणीस वर्षांची, तुझ्यासारखीच उंच आणि तुझ्यासारखीच गप्प. मिन्ना आली नाही. अस्थी आइनो घेऊन जाणार होती, तलावाच्या गावाला.

आज सकाळी ती तुझे बूट न्यायला रिंकवर आली. मी खोलीतलं एकुलतं एक स्टूल तिला दिलं. तिने बूट मांडीवर घेतले, खणावरचा ४ बघितला, काय आहे विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही बाबाचे मित्र होता. आई म्हणते, त्याला आमच्यापेक्षा हा खेळ जास्त हवा होता. म्हणून तो आमच्याबरोबर आला नाही. मला फक्त कळून घ्यायचंय. तसं होतं का?"

मी तिला म्हणू शकलो असतो की नाही गं, तुझ्यावर फार जीव होता त्याचा. ते खरंच आहे. पण ते सगळेच म्हणतात. ती पोर ते उत्तर घेऊन विमानात बसली असती आणि आयुष्यभर आईचंच खरं मानून राहिली असती. मी मशीन चालू केलं, चाक दाखवलं, हिरा कुठे लावतात ते दाखवलं, आणि सगळं सांगितलं. ऑगस्ट सांगितला, फेब्रुवारी सांगितला, "आहेत" सांगितलं. जांघेची सबब मधे आणली नाही.

तिने विचारलं, "त्याला का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"कसली?"

"तो इथे यायचा बंद होईल याची."

ती रडली नाही, ओरडली नाही. मला वाटत होतं ओरडावं. तिने फोन काढला, तुमच्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलली आणि फोन माझ्यासमोर धरला. "आईला सांगा. हेच. असंच."

बारा वर्षांनी मिन्नाचा आवाज ऐकला. "मुकुंद?" तुझ्यासारखाच पहिल्या अक्षरावर जोर. माझं इंग्रजी त्या क्षणी पार आटलं होतं, दोनदा अडलो, तिसऱ्यांदा सुरुवातीपासून सांगितलं. मग ती बोलली, अगदी हळू.

"तो फेब्रुवारीत घरी आला आणि म्हणाला, माझे पाय अजून आहेत, मिन्ना, मी अजून चारवर खेळतोय. मी म्हटलं, तू खोटं बोलतोस. या वयात कुणाचे पाय असे परत येत नाहीत. तुला आमच्याबरोबर यायचं नाही, तर तसं सरळ सांग. त्याने आइनोची शपथ घेतली. पोरीची खोटी शपथ घेतो म्हणून मी त्याला सोडलं, मुकुंद. खेळासाठी नाही."

तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. एकदा जरी म्हणाला असतास की बायको मला खोटारडा म्हणून गेली, तर मी तिथल्या तिथे बोललो असतो, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

मी म्हटलं, "त्याची शपथ खरी होती. त्याला खरंच तसं वाटत होतं. खोटं मी बोललो."

ती म्हणाली, "आइनोला फोन दे."

मी दिला आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलंही नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. दाराआडून दोघींचा आवाज येत होता, भाषा कळत नव्हती, पण मिन्नाचं रडणं फोनमधूनही ऐकू येत होतं, आणि आइनो पुन्हा पुन्हा एकच शब्द बोलत होती. तो तेवढा मला कळतो, तुझ्या तोंडून सोमवारी जेवताना कितीतरी वेळा ऐकलेला. इसा. बाबा.